अंगातल्या मशीनचं कार्ड पेशंटच्या हातात द्या: आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय: पेसमेकर आणि शरीरात बसवलेली इतर उपकरणं असलेल्या पेशंटचा एमआरआय

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात एमआरआय तंत्रज्ञ आहे. १६ वर्षं एकाच दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते आहे: "अंगात काही बसवलंय का?" त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवायला किती धडपड करावी लागते, ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चंदगडकडच्या एका आजींना त्यांचा नातू गाडीत आडवं घालून घेऊन आला. सत्तरी ओलांडलेली बाई. तीन दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले होते आणि आदल्या रात्रीपासून लघवी अडकली होती. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: पाठीच्या मणक्याचा एमआरआय, तातडीने. मज्जारज्जूवर दाब कुठे आहे, किती आहे, कशाचा आहे, हे दिसल्याशिवाय ऑपरेशन कुठे आणि कसं करायचं तेच ठरत नाही. सीटी स्कॅनमध्ये हाड छान दिसतं, पण मज्जारज्जू हवा तसा दिसत नाही.

मी विचारलं, "आजी, अंगात काही बसवलंय का? रॉड, प्लेट, स्प्रिंग?"

"न्हाई गं बाई. कुटं काय."

नातवानेही मान हलवली. गाऊन घालताना माझा हात त्यांच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली गेला, तर कातडीच्या आत काडेपेटीएवढं काहीतरी चपटं, गुळगुळीत लागलं.

"आजी, हे काय?"

"ते व्हय? ते मशीन. त्याला सात वर्सं झाली की आता."

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. मी रॉड विचारला, प्लेट विचारली, स्प्रिंग विचारली. मशीन विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी मशीन हा शब्द आधी उच्चारते.

पेसमेकर बसवला की कंपनीचं एक कार्ड येतं. त्यावर मॉडेल, नंबर, वायर कुठली, तारीख, सगळं असतं. नातू म्हणाला, कार्ड दवाखान्यातच राहिलं असेल. डिस्चार्ज कार्ड त्याने घरून व्हॉट्सअपवर मागवून घेतलं. त्यावर पेसमेकर बसवला, तब्येत स्थिर, गोळ्या चालू ठेवा, एवढं होतं. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, वायरचा तर पत्ताच नाही. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे मी स्वतः फोन लावला. रेकॉर्ड सांभाळणारे म्हणाले, जुन्या फायली खाली गोदामात आहेत, सोमवारी अर्ज घेऊन या. तो गुरुवार होता.

मग छातीचा एक्स-रे काढला. पेसमेकरच्या पेटीवर कंपनीची खूण असते आणि ती एक्स-रेत उमटते. त्यावरून कंपनी कळली. कंपनीच्या माणसाचा नंबर तीन हृदयरोगतज्ज्ञांना विचारून मिळाला. तो बेळगावात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकर बाहेरून वाचायचं आणि त्याची सेटिंग बदलायचं यंत्र, घेऊन आला, त्याचा वाचणारा भाग आजींच्या छातीवर ठेवून पेसमेकरचा नंबर काढला, कंपनीच्या नोंदीत घातला, तेव्हा वायरचंही मॉडेल मिळालं. पेटी आणि वायर दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या निघाल्या. हृदयरोगतज्ज्ञांनी सेटिंग बदलली, ४० मिनिटांत स्कॅन झाला, सेटिंग पूर्ववत केली. मणक्याचा क्षय होता, पू साचून मज्जारज्जू दाबला गेला होता. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

आजी आल्यापासून स्कॅन होईपर्यंत २२ तास गेले. आज त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. ते २२ तास वाचले असते तर वॉकर लागला नसता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही; ऑपरेशन करणारे डॉक्टरही म्हणत नाहीत. पण ते तास वाया गेले एका कागदापायी, आणि तो कागद अस्तित्वात होता.

तो कुठे होता ते मला नंतर कळलं, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. आजींचं पेसमेकरचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं होतं. पेसमेकरच्या खोक्यात सुटी स्टिकरं येतात. त्यांतलं एक दवाखान्याच्या रजिस्टरला लागतं, एक योजनेच्या दाव्याला. पैसे मिळायचे तर स्टिकर लागतंच, त्यामुळे ते कधीही विसरलं जात नाही. म्हणजे आजींच्या छातीत काय आहे हे सात वर्षं सरकारी दाव्याच्या फायलीत होतं. आजींच्या कागदात नव्हतं.

पेसमेकरवाल्या पेशंटला मशीनमध्ये नेमका धोका कशाचा, तेही सांगते. आमचं मशीन १.५ टेस्लाचं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. ते चोवीस तास चालू असतं, स्कॅन नसताना, रविवारी, रात्री दोन वाजतासुद्धा. स्कॅन सुरू झाला की त्यात भराभर बदलणारी चुंबकीय क्षेत्रं येतात, तो धडधड आवाज त्यांचाच, आणि रेडिओ लहरी येतात. लोकांना वाटतं चुंबक पेसमेकर खेचून घेईल. हल्लीच्या पेसमेकरमध्ये लोखंड अगदी थोडं असतं, ती भीती त्या मानाने कमी. जास्त काळजी वायरची. पेटीपासून हृदयात गेलेली ती वायर रेडिओ लहरी अँटेनासारखी पकडू शकते, आणि तिचं टोक हृदयाच्या स्नायूला जिथे टेकलेलं असतं तिथे उष्णता तयार होते. पेशंटला आत काही जाणवेलच असं नाही. पण तिथला स्नायू दुखावला तर पुढे पेसमेकरचा ठोका हृदयापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय मशीनचा गोंगाट पेसमेकरला हृदयाचे ठोके वाटू शकतो. हृदय आपलं आपण चाललंय असं धरून तो गप्प बसतो, आणि ज्याचं हृदय त्याच्यावरच अवलंबून आहे त्याला काही सेकंदांत घेरी येते. शॉक देणाऱ्या मशीनला, म्हणजे डॉक्टर ज्याला एआयसीडी म्हणतात त्याला, तोच गोंगाट जीवघेण्या धडधडीसारखा वाटू शकतो.

म्हणून स्कॅनआधी पेसमेकरचं ऐकणं बंद करून ठरलेल्या गतीने ठोके देत राहायला लावतात. शॉकवाल्याचे शॉक थांबवतात. तेवढा वेळ ईसीजी आणि ऑक्सिजनवर कुणीतरी जाणत्या माणसाने डोळे लावून बसायचं, हृदयाला बाहेरून शॉक देणारं यंत्र दाराबाहेर तयार ठेवायचं, आणि स्कॅन झाल्याबरोबर सगळं होतं तसं करायचं. शेवटचं पाऊल सगळ्यात जपायचं. शॉक बंद ठेवून पेशंट तसाच घरी गेला तर त्याचं राखण करणारं मशीन झोपलेलंच राहील, आणि हे बाहेरून कुणाला दिसणार नाही.

मी शिकत होते तेव्हा उत्तर सोपं होतं. पेसमेकर असेल तर एमआरआय नाही, विषय संपला. आता ते तसं राहिलेलं नाही. एमआरआयला चालणारा पहिला पेसमेकर युरोपात २००८ साली आला, अमेरिकेत त्याच वाटेवरच्या पेसमेकरला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. आणि जे जुने पेसमेकर एमआरआयसाठी बनवलेलेच नव्हते त्यांच्यावरही अमेरिकेत मोठं काम झालं. मॅग्नासेफ नावाच्या नोंदणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. छाती सोडून शरीराच्या इतर भागांचे, १.५ टेस्लावर, पेसमेकरवाल्यांचे १००० आणि शॉकवाल्या मशीनचे ५०० स्कॅन. स्कॅनच्या वेळी एकही मृत्यू नाही, एकही वायर निकामी नाही. एका शॉकवाल्या मशीनची पेटी मात्र बदलावी लागली, आणि त्या पेशंटचं मशीन स्कॅनआधी ठरल्याप्रमाणे सेट केलेलं नव्हतं. त्या सगळ्या अभ्यासातलं हे एक वाक्य मी आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर मराठीत लिहून लावलं आहे.

तरी आजही आपल्याकडे कितीतरी सेंटरवर पेसमेकर शब्द ऐकला की पुढचं ऐकून घेत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. कार्ड नाही, मॉडेल माहीत नाही, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, हृदयाचा डॉक्टर आवारात नाही. अशा वेळी नाही म्हणणं सोपं, कारण नाही म्हटल्यावर पेशंट आपल्या मशीनवर दगावत नाही. तो पुण्याच्या वाटेवर असतो, नाहीतर घरी. त्याची नोंद कुठेच होत नाही. चुकून आत गेलेल्या पेशंटइतकंच, विनाकारण परत पाठवलेल्या पेशंटचंही नुकसान होतं, हे नियम करणाऱ्यांनी धरून चालायला हवं.

पेटी बदलतानाची एक गोष्ट तर दवाखान्यांनाही नीट माहीत नसते. पेसमेकरची बॅटरी आठ-दहा वर्षांनी संपत आली की पेटी बदलतात. बोलताना सगळे बॅटरी बदलली म्हणतात. पेटी नवी येते, एमआरआयला चालणारी, कार्डावर तसं छापलेलं. पण आतली वायर जुनीच असते, कधी दुसऱ्याच कंपनीची. एमआरआयला चालतो हे प्रमाणपत्र पेटी आणि वायर यांच्या ठरलेल्या जोडीला असतं, एकट्या पेटीला नाही. कधी जुनी वायर खराब झाली म्हणून नवी घालतात आणि जुनी काढणं अवघड म्हणून आतच सोडून देतात. अशी सोडलेली वायर जास्त तापण्याची भीती असते. नव्या कार्डावर तिचा उल्लेख नसतो. म्हणून मला नुसतं पेटीचं कार्ड पुरत नाही. वायरचीही ओळख त्याच कागदावर हवी, आणि सोडून दिलेली वायर असेल तर तेही स्पष्ट लिहिलेलं हवं.

नियम करणं आपल्याला जमत नाही असंही नाही. एक्स-रे आणि सीटीच्या मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, किरणोत्सर्गाची जबाबदारी घेणारा माणूस नेमावा लागतो, आमचे सीटीचे सहकारी छातीला बॅज लावून फिरतात. सोनोग्राफीला गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे, गरोदर बाईचा एफ फॉर्म अपुरा राहिला तर मशीनला सील लागू शकतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत म्हणून तो मंडळाच्या कक्षेत येत नाही, आणि दारातल्या तपासणीचा सगळ्यांना सारखा, सक्तीचा फॉर्म नाही. ज्याचा त्याचा फॉर्म. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली तेव्हा बिलावर स्टेंटचा ब्रँड, कंपनी, बॅच नंबर वेगळा लिहायची सक्ती झालीच ना? किंमत तपासायला ती माहिती लागते. पेशंटला पुढची २० वर्षं ती लागते.

युरोपीय संघाने २०१७ च्या नियमांतच उपकरणासोबत पेशंटला कार्ड देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे नोंद नसली की काय होतं हे आपण एएसआर नावाच्या खुब्याच्या सांध्याच्या वेळी पाहिलं. तो सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला, आणि भारतात तो ज्यांना बसवला होता त्यांच्यातल्या अनेकांचा पत्ताच लागला नाही.

आमच्या दारातले फॉर्म बहुतेक इंग्रजीत असतात. मराठीत असले तरी पुस्तकी: "आपल्या शरीरात कोणतेही प्रत्यारोपित वैद्यकीय उपकरण आहे काय?" याला आमच्याकडचा माणूस "नाही" म्हणूनच टिक करतो. प्रत्यारोपण म्हणजे किडनी, हे त्याला ठाऊक. आमच्याकडे लोक पेसमेकरला मशीन म्हणतात. स्टेंटला स्प्रिंग. हर्नियाला जाळी. खुब्याला वाटी बदलली, गुडघ्याला गुडघे घातले. गर्भ राहू नये म्हणून तांबी. मेंदूतलं पाणी पोटात सोडणाऱ्या शंटला नळी. कानात बसवलेल्या कॉक्लिअरला तर काही जण नुसतं कानाचं मशीन म्हणतात, आणि कानाबाहेरच्या साध्या मशीनलाही तेच म्हणतात. एक काढून ठेवता येतं, दुसऱ्याच्या आत चुंबक असतं. यांतल्या बऱ्याचशा गोष्टींनी अडत नाही. तांबी, जाळी, स्प्रिंग, टायटॅनियमचा रॉड असला तरी आम्ही चौकशी करून पुढे जातो. रॉडशेजारचं चित्र बिघडतं एवढंच. पण नळीची काही प्रकारची झडप बाहेरून चुंबकाने सेट केलेली असते आणि एमआरआयमध्ये ती हलू शकते. स्कॅन झाल्यावर ती तपासून घेतली नाही तर पेशंट डोकेदुखी घेऊन घरी जातो आणि कुणाला संबंधही लागत नाही. मेंदूत रक्तवाहिनीचा फुगा होता म्हणून पूर्वी लावलेली लोखंडी अंशाची क्लिप तर चुंबकात फिरते. तशा क्लिपने परदेशात जीव गेलेला आहे.

आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतला कामगार आला की मी त्याला ग्राइंडिंगला किती वर्षं होता ते विचारते, डोळ्यात कधी कीस गेला होता का ते विचारते. शंका असली तर डोळ्यांचा एक्स-रे. हे कुठल्या छापील फॉर्मवर नसतं. आमच्या भागाला ते लागतं. रत्नागिरीला किंवा नागपूरला दुसरं काही लागत असेल, तिथल्या तंत्रज्ञांना विचारा.

माझं मागणं मोठ्या खर्चाचं नाही. योजनेतून कुणालाही पेसमेकर, शॉकचं मशीन, स्टेंट, क्लिप, शंट, कॉक्लिअर बसवलं, की दाव्याला जे स्टिकर लागतं तेच एक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटलं पाहिजे, आणि ते कार्ड हातात दिल्याचा फोटो दाव्यात मागा. फोटो नाही तर दावा पुढे नाही. पैसे अडतात म्हटल्यावर कागद हलतो, हे मी दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत नोकरी करून पाहिलं आहे. मराठीत दोन ओळी त्या कार्डावर लिहायला लावा: हे मशीन आहे, एमआरआयआधी हे कार्ड दाखवा. योजनेबाहेरच्या खाजगी ऑपरेशनांना हेच लागू करायला वेगळा आदेश लागेल. तो काढा.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आहे त्यांची माहिती तुमच्याच संगणकात पडून आहे. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. पेशंटच्या संमतीने रेशन कार्डाच्या नाहीतर आधारच्या नंबरावरून त्याने ती नोंद शोधून दिली तर आजींसारख्या माणसाचं काम दहा मिनिटांत होईल, रात्रीसुद्धा. आभा क्रमांकाला, म्हणजे केंद्राच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या नंबराला, ती जोडली तर आणखी बरं, पण जोडणी होईपर्यंत थांबू नका. चंदगडच्या आजींकडे स्मार्टफोन नाही.

प्रोग्रॅमर आणि तो चालवणारा माणूस हा तिसरा अडथळा. आज सगळं कंपनीच्या प्रतिनिधीच्या मोबाइलवर अवलंबून आहे, त्याच्या सुट्टीवर, त्याच्या गाडीवर. ही माणसं रात्री-अपरात्री धावून येतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मज्जारज्जू दबलेल्या पेशंटचं नशीब अशा फोनवर टांगून ठेवणं बरं नाही. वैद्यकीय शिक्षण विभागाशी बोलून प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातले ठरावीक दिवस आणि तातडीसाठी एक यादी ठरवून द्या. तिथे हृदयरोगतज्ज्ञाने लेखी द्यायचं: स्कॅनआधी कुठली सेटिंग, नंतर कुठली, पूर्ववत कुणी केली, किती वाजता. त्या कागदाची एक प्रत आमच्याकडे, एक पेशंटकडे.

२०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण मशीनकडे खेचला जाऊन दगावला. तो पेशंटही नव्हता, नातेवाइकाला घेऊन आला होता. त्या वेळी महिनाभर सगळीकडे दारातल्या तपासणीची चर्चा होती. माझ्या ओळखीच्या प्रत्येक तंत्रज्ञाला तो दिवस आठवतो. त्यानंतरही अर्ध्यावर सावरलेल्या चुका आमच्यापैकी प्रत्येकाच्या पोटात आहेत, नोकरी जाईल म्हणून कुणी बोलत नाही. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद करायला मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून देशात आहे, तो माझ्या निम्म्या सहकाऱ्यांना ऐकूनही माहीत नाही. अनर्थ टळला अशा घटना नाव न सांगता कळवायची सोय राज्यात करा, आणि कळवणाऱ्याला त्यावरून नोटीस येणार नाही असं लेखी द्या. सुरुवात माझ्यापासून करायला मी तयार आहे. आजींचं मशीन विचारायचं राहिलं होतं, ही माझी नोंद.

पत्रासोबत आमच्या सेंटरवर मी वापरते तो मराठी फॉर्म जोडला आहे. १४ प्रश्न आहेत, पहिला मशीनचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या पेशंटला तो वाचून दाखवायचा आहे, म्हणून वाक्यं बोलीत आहेत, ती शुद्ध करू नयेत ही विनंती. रेडिओलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ आणि दोन-चार जिल्ह्यांतले तंत्रज्ञ यांच्याकडून तो तपासून घ्या. काही चुकलं असेल तर सुधारा, आणि सुधारलेला फॉर्म आम्हालाही पाठवा. सोमवारी सकाळी पहिल्या पेशंटपासून तो वापरायला लागेन.

आपली विश्वासू,
एक एमआरआय तंत्रज्ञ, कोल्हापूर